गुळाच्या अडतीतला स्पेन

गूळ विकता विकता स्पेनच्या नाचावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच झाला आणि तो माझा सासरा होता, हे मी कुठेही छाती पुढे काढून सांगतो. मामांची, म्हणजे या सासऱ्यांची, कोल्हापुरात गुळाची अडत. मूळचे गडहिंग्लजकडचे; घरात कन्नड, बाजारात मराठी आणि दोन्हीकडे आवाज सौद्याचाच. छंद मात्र असा, की सांगितला तर लोक पुन्हा विचारायचे. स्पॅनिश नृत्याच्या खेळांना नाट्यगृहात प्रेक्षकांच्या हाती देतात ना, त्या जुन्या छापील कार्यक्रमपत्रिका ते जमवायचे. तरुणपणी गुळाची वानगी बांधून द्यायला आणलेल्या रद्दीत त्यांना पहिली सापडली. तिच्यावर मान ताठ करून, झग्याचा घोळ मुठीत धरून एक बाई उभी होती. त्या दिवशी गिऱ्हाइकाला वानगी मामांच्या रुमालातून मिळाली. पुढे गुजरातच्या व्यापाऱ्यांमार्फत त्यांच्या परदेशातल्या भाऊबंदांना निरोप जाऊ लागले. लोक तिकडून अत्तरं, घड्याळं मागवायचे. मामा जुने कागद मागवायचे आणि उलट टपाली ढेप धाडायचे. लंडनच्या एका जुन्या पुस्तकवाल्याला गुळाच्या चहाची सवय आपणच लावली, असं ते शपथेवर सांगत.

नव्वदच्या दशकात मी मुलगी बघायला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा मुलीच्या आधी मला पत्रिका दाखवल्या गेल्या. त्याही हात धुऊन, पुसून, पंख्याखाली वाळवल्यावर. मी एक पान कोपऱ्याला धरून हळूच उलटलं. मामांनी आत हाक दिली, "पोहे आणा! पोरगा बरा हाय, पान मुडपत न्हाय." माझं शिक्षण, पगार यांची चौकशी पुढे कुणी केलीच नाही. त्यांना स्पॅनिशचा एक शब्द कळत नव्हता, पण सकाळी पूजा आटोपली की एखादी पत्रिका ते खणखणीत आवाजात वाचायचे. मी एकदा म्हटलं, "मामा, उच्चार बरोबर आहे का?" तर म्हणाले, "पावणं, ह्यातलं निम्मं शब्द आमच्या कन्नडावाणी स्वरावर संपत्यात. वाचायला काय धाड भरलीया?" आणि एवढं सगळं जमवणाऱ्या या माणसानं तो नाच मात्र कधी पाहिला नव्हता. पत्रिका होत्या, खेळ एकही नाही.

दोन हजार सालानंतरच्या एका गणेशोत्सवात आमच्या गल्लीच्या तालमीचा देखावा करणारा कारागीर दुसऱ्या पेठेनं ऐनवेळी पळवला. तालमीचे वस्ताद हवालदिल होऊन अडतीत आले. मामा म्हणाले, "सजीव देखावा करूया. स्पेनचा." वस्तादांनी आधी तिथंच बसलेल्या माझ्याकडे पाहिलं, मग गुळाकडे. पण दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवसापासून लाल मातीतले पैलवान फळ्यांवर पाय आपटू लागले. गिटार कुठून आणणार? हलगी घेतली. मामा एकेक पत्रिका उघडून पोरांना उभं करायचे, "मान वर! छाती फुगीव! समोरच्यानं सलामी नाकारलीया असं बघ की!" उभं राहणं जमलं. मग सगळ्यात दांडगा पैलवान म्हणाला, "काका, ह्या फोटूतनं त्या फोटूत जायचं कसं?" मामांनी हातातली पत्रिका मिटली. मग म्हणाले, "ते मला ठावं असतं, तर गूळ कशाला इकत बसलो असतो?" शेवटी दोन फोटोंमधली वाट पोरांनी कुस्तीच्या पवित्र्यांनी भरून काढली.

खेळाच्या संध्याकाळी मामा जेवले नाहीत. माझी बायको वडिलांकडे बघत हळूच म्हणाली, "लोक हसले तर अप्पा ते कागद पुन्हा उघडायचे न्हाईत." इचलकरंजी, कोडोलीहूनही माणसं आली होती. काळ्या विजारीतले पैलवान फळ्यांवर चढले आणि गर्दीत हशा पिकला. कुणीतरी शिट्टी मारली. मामा खांबाला धरून उभे. मग हलगी कडाडली, दहा पाय एकदम फळीवर आदळले आणि पाचही माना अशा काही वर गेल्या, की शिट्टी मारणाऱ्याचं बोट तोंडातच राहिलं. हलगी वाढत गेली, पाय वाढत गेले. खेळ संपल्यावर गल्लीनं जो गलका केला, तो अजून माझ्या कानात आहे. गणेश मंडळांच्या स्पर्धेत आम्हाला काही मिळालं नाही. परीक्षकांना म्हणे देखाव्याचा विषयच समजला नाही. पण वस्तादांनी मामांना मिठी मारली आणि माझा सासरा त्या मिठीत गुदमरताना बघून मला वाटलं, आपण फार मोठ्या घरात लग्न केलंय.

घरी परतताना मामा कोपऱ्यावर थांबून म्हणाले, "पावणं, तिकडंबी असंच करत असतील न्हवं?"

मी स्पेन नकाशातसुद्धा नीट पाहिला नव्हता. म्हणालो, "व्हय मामा. अगदी असंच."

त्यांनी मान हलवली आणि पुढे चालू लागले. खरा नाच त्यांना पुढेही बघायला मिळाला नाही. पण त्या रात्री अंधाऱ्या गल्लीत, कुणी बघत नाही असं समजून, माझ्यापुढे चालणाऱ्या त्या जाड्या माणसानं एकदा पाय आपटला आणि मान ताठ केली. मी मुद्दाम दोन पावलं मागे राहिलो.