दादानं वाचलेल्या अकरा ओव्या

मी व्हर्नाक्युलर फायनल पास झालो त्या वर्षी आमच्या घरात माझ्याएवढा विद्वान दुसरा नव्हता. यात फुशारकीसारखं काही नाही. वाचता येणारे बाकी एकटे आबा, आणि आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. माझ्या मास्तरकीचा हुकूम यायचा होता. तोवर मी उत्रोलीला घरी बसून दोन्ही वेळा जेवायचो आणि खाचरात पाय न घालता भाताविषयी मतं द्यायचो.

आमच्याकडं श्रावणात पोथी लागायची. वाचायची कर्त्या माणसानं, त्याच्यानंतर थोरल्या मुलानं. यात कुणी काही ठरवत नसे. पण दादाला वाचता येत नव्हतं. चार वर्षं शाळेत जाऊनही येत नव्हतं.

मी त्याच्या मागून शाळेत गेलो आणि बघता बघता त्याच्या पुढच्या इयत्तेत जाऊन बसलो. पाढे त्याला पावकी-निमकीसकट पाठ. एकदा ऐकलेली कथा तो वर्षानं जशीच्या तशी सांगायचा. पण अक्षर समोर आलं की संपलं. वरच्या ओळीत ओळखलेलं अक्षर खालच्या ओळीत त्याला परकं. मधलं अक्षर आधी, पहिलं शेवटी. मास्तर म्हणायचे, सोंग करतो. घरचे म्हणायचे, मन लावत नाही. मीही तेच म्हणायचो, फक्त जरा जास्त हसून.

त्या वर्षी पाडव्याला आबा म्हणाले, "औंदा श्रावणात थोरला वाचंल. न्हाई जमलं तर पोथी धाकट्याकडं जाईल. आन् एकदा गेली की तिकडंच ऱ्हाईल."

दादानं जन्मात कुणाकडं काही मागितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर मला म्हणाला, "मला शिकीव."

मी शिकवायला बसलो. हातात छडी नव्हती, पण आवाजात होती. "आत्ताच सांगितलं ना?" हे वाक्य मी दिवसातून किती वेळा बोललो असेन देव जाणे. दादाला घाम फुटायचा. म्हणायचा, "हालत्यात रं ही."

"दादा, छापलेली अक्षरं आहेत, गांडुळं नव्हेत," मी म्हणायचो आणि माझ्याच विनोदावर खूश व्हायचो.

वहिनी शेजारी तांदूळ निवडत असायची. तिला काळं अक्षर ठाऊक नव्हतं. तिचं माहेर मार्गासनीच्या वर डोंगरात, शेरडं-करडं पाळणारं. एक दिवस तिनं सूप खाली ठेवलं.

"भावजी, आमच्याकडं शेरडं मोजायची म्हंजी वाडग्याचं सगळं कवाड उघडत न्हाईत. एक शेरडू निघंल एवढीच फट ठेवत्यात. समदी एकदम सुटली तर मोजणाऱ्याला काय दिसायचं?"

"वहिनी, ही शेरडं नव्हेत."

"तुमास्नी नसतील. त्यास्नी तशीच दिसत्यात न्हवं?"

तिनं पळसाचं पान घेतलं आणि सुरीनं मधोमध खिडकी पाडली, जेमतेम तीन अक्षरं मावतील एवढी. पान ओळीवर ठेवायचं आणि सरकवत न्यायचं. शिवाय पाटावर चुलीतली राख पसरून अक्षर बोटानं गिरवायचं, गिरवताना मोठ्यानं म्हणायचं. मी नुसता उच्चार सांगायचा. बायकांचा खेळ म्हणून मी मान डोलावली. दुसरं काम तरी काय होतं मला?

आषाढात लावणी चालू असताना, चिखलानं पांढरे पडलेले पाय घेऊन दादा रोज तिन्हीसांजेला चुलीपाशी राखेचा पाट घेऊन बसायचा. तीन अक्षरांचे शब्द आले. मग जोडाक्षरं. पोथीतलं छापणं जुन्या चालीचं, शब्द तोडलेले नाहीत, ओळभर अक्षरं खांद्याला खांदा लावून उभी. त्यातूनही तो शब्द सोडवायला लागला. सावकाश, पण चुकत नव्हता.

मी त्याला म्हटलं, "अध्याय तर तुला ऐकून पाठ आहे. पोथीकडं बघ आणि म्हण. कोण ओळखणार?"

"देवाम्होरं पोथी उघडून न वाचता म्हणायचं? ती चोरी झाली. मला वाचायचंय."

श्रावणातला पहिला सोमवार आला. सोमवारी सगळ्यांना उपास. दुपार कलली की पोथी सुरू करायची, अध्याय पुरा झाला की संध्याकाळी उपास सोडायचा. उघडलेला अध्याय अर्धा ठेवायचा नाही आणि पुरा झाल्याशिवाय पान वाढायचं नाही. आम्हांला सुरुवात सोमवारीच करायची अवदसा आठवली. दुसऱ्या कुठल्याही वारी केली असती तर लोक भरल्या पोटी ऐकत बसले असते. पण हे मला, घरातल्या विद्वानाला, सुचलं नाही.

दादा अंघोळ करून ओल्या केसांनी पाटावर बसला. समोर आबा, आई, आळीतल्या पाचसहा बायका, दोन म्हातारे. त्यानं पानाची खिडकी पहिल्या ओळीवर ठेवली आणि वाचायला लागला.

पहिल्या तीन ओव्यांना सगळे कौतुकानं गप्प होते. पाचवीला कुणीतरी जांभई दिली. शेजारची म्हातारी म्हणाली, "आज देवाचा बी उपास सुटाय उजाडंल." बायका पदराआड हसल्या. एक म्हातारा म्हणाला, "नांगरतोय न्हवं का? नांगराला येळ लागायचाच."

दादा थांबला नाही. दाराशी उभ्या वहिनीचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. बाहेर आभाळ भरून आलेलं, घरात अंधारायला लागलं. स्वयंपाकघरातून खिरीचा वास येत होता. अकरावी ओवी झाली तेव्हा आबांनी विचारलं, "किती ऱ्हायलं?"

मी वाकून पाहिलं. "सत्तरेक ओव्या."

आबा म्हणाले, "धाकट्या, तू घे."

दादानं पोथी माझ्याकडं सरकवली. बोट मात्र उचललं नाही. "हितनं," म्हणाला. मला जागा दिसली तेव्हाच त्यानं बोट काढून घेतलं.

मी नको म्हणू शकत होतो. वाचू दे त्याला, थांबू की, एवढंच म्हणायचं होतं. आबांनी ऐकलंही असतं, निकालाच्या दिवसापासून ते माझं ऐकायचे. पण खरं सांगायचं तर मला भूक लागली होती. सकाळपासून पोटात चार केळी आणि शेंगदाणे होते. मी पोथी घेतली आणि घडाघडा वाचत दिवेलागणीला अध्याय संपवला. सगळ्यांनी वाखाणलं. मी दोनदा खीर घेतली. दादाही जेवला. हात धुताना म्हणाला, "चांगलं वाचलंस."

वहिनी पुढं चार दिवस पाट मांडत होती. दादा "खाचराला पाणी लावायचंय" म्हणून उठायचा. भर श्रावणात खाचराला कोण पाणी लावतं? पाचव्या दिवशी तिनं पाट भिंतीला उभा केला. दिवाळीपर्यंत त्याची बरीच अक्षरं गेली. माझा हुकूम आला, मी गेलो, आणि त्यानंतर आमच्या घरात पोथी लागलीच नाही.

मास्तरकीत दादासारखी मुलं दर दोनतीन वर्षांनी समोर आली. हुशार, पाठांतर पक्कं आणि अक्षरापुढं आंधळी. या दुखण्याला काही नाव आहे का, मला ठाऊक नाही. पहिल्या तिघांना मी बडवलं. चौथी एक मुलगी होती, तिला बडवण्याआधी माझं मलाच काही आठवलं.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा बांधावर बसून दादाला तिच्याविषयी सांगितलं. वाचायला लागली म्हटलं.

"किती दिस लागलं?"

"दोन वर्षं."

"आन् तू थांबलास?"

"थांबलो."

दादा खाचराकडं बघत राहिला. त्याचे केस पिकायला लागले होते. तिकडंच बघत म्हणाला, "बरं केलंस."

त्याला आता शिकवतो म्हणायला माझी जीभ रेटली नाही. आम्ही दोघं तसेच अंधार पडेपर्यंत बसलो.