रेकॉर्डला असतं

माझ्या वडिलांच्या जानव्याला एक किल्ली असायची. तहसील कचेरीतल्या रेकॉर्डच्या कपाटाची. अंघोळीलासुद्धा ती निघत नसे. ओळखीपाळखीचा कुणी घरी येऊन दुसऱ्याच्या जमिनीचं, वारसाचं काही खोदून विचारायला लागला, की वडील म्हणायचे, "ते रेकॉर्डला आहे," आणि आईला चहा टाकायला सांगायचे. विषय तिथंच संपायचा. आमच्या घरात 'रेकॉर्डला आहे' याचा अर्थ एवढाच होता, की ते कुलपात आहे आणि आता त्याला कुणी हात लावणार नाही. हा अर्थ घेऊनच मी विद्यापीठात कामाला लागले.

त्या विद्यापीठाचं नाव सांगत नाही. त्यानं लोकांचं काहीच राखलं नाही, पण म्हणून मीही तसंच वागायला पाहिजे असं नाही.

काम कंत्राटी होतं. खिडकीत बसून मुलांचे फॉर्म घ्यायचे आणि ते कॉम्प्युटरात भरायचे. दुष्काळाची वर्षं होती. शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं, मी खोलीवर ड्रम झाकून ठेवून निघायचे. शहराबाहेर शेंद्र्याच्या बाजूला मात्र भराभर प्लॉट पडत होते, करपलेल्या रानात चुन्याच्या रेघा ओढलेल्या दिसायच्या. दुष्काळी गावांतल्या मुलांना परीक्षेची फी माफ झाली. फी माफ झाली, माहिती माफ झाली नाही. त्या माफीसाठी चार पानांचा फॉर्म निघाला. जात, पोटजात, आधार, रक्तगट, पालकाचा धंदा, घरी नळ आहे की टँकर, संडास आहे का. फुलंब्रीकडच्या एका मुलानं मला विचारलं, "मॅडम, पेपर इतिहासाचा हाय, आमच्या संडासाचं काय करता?" मी म्हटलं, "भर गुपचूप, मागं लाइन आहे."

ही सगळी उठाठेव कशासाठी ते पुढं कळलं. विद्यापीठाला श्रेणी देणारी मूल्यांकन समिती येणार होती, तिला दाखवायला जाडजूड फायली हव्या होत्या. दरम्यान मुलांना प्लॉटवाल्यांचे फोन यायला लागले. ज्यांच्या गावात प्यायला पाणी नाही, त्यांना बारमाही पाण्याच्या प्लॉटचं आमंत्रण. मी साहेबांना विचारलं, यांच्याकडं नंबर कसे गेले? साहेब म्हणाले, "आपल्याकडून नाही." त्यांनी मान वर करूनही बघितलं नाही.

फॉर्ममधला एक रकाना आम्हा खिडकीवाल्यांच्या डोक्याला ताप होता. 'पालकाचा मोबाईल'. तो रिकामा ठेवला की कॉम्प्युटर पुढं सरकायचाच नाही. त्यावर आमची जुनी युक्ती होती, दहा वेळा नऊ दाबायचं. निम्म्या विद्यापीठाच्या आईबापांचा नंबर दहा नऊ असाच होता आणि कुणाचं काही अडत नव्हतं. त्या वर्षी हे कुणाच्या तरी लक्षात आलं. दहा नऊ चालेनासे झाले, आणि एका फॉर्मवर एकच नंबर दोनदाही चालेना.

त्या दिवसांत ती आली. एम.ए.चं शेवटचं वर्ष. तिचं नाव मी लिहिणार नाही, तशी तिला नावं दोन होती. लग्नात सासरच्यांनी तांदळात कोरून दिलेलं एक, आणि बी.ए.च्या मार्कमेमोवरचं माहेरचं दुसरं. विद्यापीठाला माहेरचंच माहीत होतं. पालकाच्या रकान्याशी ती थांबली.

"हे सोडलं तर चालंल का मॅडम?"

"नाही चालत. मिस्टरांचा टाका."

"त्यांचाच वर टाकलाय, माझ्या जागी. मला कुठं हाय मोबाईल."

"मग वडिलांचा?"

"वडील वारले. आईकडं फोन नाय. ऱ्हायला सासऱ्याचा." मग ती खिडकीत वाकून हळूच म्हणाली, "घरी माहीत नाय मॅडम. शिलाई क्लासला जाते म्हनून सांगितलंय. मालकांनीच सुचवलं तसं. चार पेपर दिले की सांगणारच हाये."

तिच्या मागं पंधरा-वीस जण उभे होते. मी तिला म्हटलं, "टाका हो ताई. कुठं जात नाही ही माहिती. नुसतं रेकॉर्डला असतं."

तिनं माझ्याकडं बघितलं, आणि नंबर लिहिला.

परीक्षेला दहा-बारा दिवस राहिले असतील, तेव्हा ते दोघं आले. पुढं सासरे, पांढऱ्या टोपीतले, आणि मागं ती, डोक्यावर पदर घेऊन. मला वाटलं, आता हा माणूस मला खिडकीतून बाहेर ओढतो. त्यांनी हात जोडले.

"लई उपकार झाले बाईसाहेब. तुमी कळवलं नसतं तर आमाला कवाच कळलं नसतं."

तिथं मला पहिल्यांदा समजलं, की समितीला दाखवण्यासाठी 'पालक संवाद' नावाखाली एकजात सगळ्या नंबरांवर मेसेज सोडले होते. मी भरलेल्या नंबरांवर. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगावं इतकी मी कुणी नव्हतेही.

सासरे सगळं सांगत गेले. ते टँकरपाशी उभे होते. फोन वाजला. वाचता येत नाही, म्हणून मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी चारचौघांत मोठ्यानं वाचला. आपली पाल्य कुमारी अमुक अमुक, एम.ए. द्वितीय वर्ष, परीक्षेस पात्र आहे.

"मी म्हनलं राँग नंबर हाय. आमच्या घरात ह्या नावाचं कोन नाय, कुमारी तर नायच नाय. लोकं हसले. मग मास्तर म्हनले, मधलं नाव कोनाचं हाय बघा. ते आमच्या व्याह्याचं निघालं. मेलेल्या मानसाचं नाव टँकरपाशी."

मी म्हटलं, "बाबा, चारच पेपर राहिलेत. देऊ द्या तिला. हुशार आहे."

"असंल की. नाय कुठं म्हनतो?" ते शांतपणे म्हणाले. "शिकायला जाते म्हनली असती तर इचार केला असता. शिवायला जाते म्हनली. पोराला इचारलं, तर तो म्हनतो मला काय बी ठाव नाय. आता काढून टाका नाव."

आजही मला त्या म्हाताऱ्यापेक्षा तिच्या नवऱ्याची जास्त चीड येते. आणि त्याच्याहून जास्त माझी.

प्रवेश रद्द करायलाही फॉर्म होता. त्यातही पालकाचा मोबाईल होता. ती पेन घेऊन खाली वाकली आणि तो नंबर न विचारता, न अडखळता लिहून मोकळी झाली. मग फॉर्म माझ्याकडं सरकवत म्हणाली, "रेकॉर्डला असतंय म्हनल्या व्हत्या तुमी." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी शिक्का मारला.

तेवढ्यात साहेब बाहेर आले. पालक स्वतः कार्यालयात आल्याचं बघून त्यांना कोण आनंद झाला. पालकभेटीची वही आणवली. सासऱ्यांचा अंगठा घेतला, तिला शेजारी उभं करून दोघांचा फोटो काढला, आणि अभिप्रायाच्या रकान्यात स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'समाधानी'. ते पान समितीनं बघितलं की नाही, देव जाणे. विद्यापीठाला श्रेणी मात्र चांगली मिळाली. आम्हाला पेढे वाटले. मी माझा पेढा टेबलावरच ठेवून घरी गेले, यापलीकडं मी काही केलं नाही.

पुढं विद्यापीठ मुलांच्या वाढदिवसाचे मेसेजही पालकांच्या नंबरांवर पाठवायला लागलं. मी कॉम्प्युटरवाल्याला म्हटलं, एवढा एक नंबर काढून टाक. तो म्हणाला, "मॅडम, भरायची सोय आहे, काढायची नाही." तेव्हा दर वर्षी तिच्या जन्मतारखेला तिच्या सासऱ्याच्या फोनवर मेसेज जात असणार, कुमारी अमुक अमुक, हार्दिक शुभेच्छा. तारीख मला पाठ आहे, मीच टाइप केली होती.

ती नोकरी सोडून बरीच वर्षं झाली. वडीलही गेले. अंत्यसंस्काराच्या आधी जानव्याला हात लावून बघितला, तर किल्ली नव्हती, निवृत्तीच्या दिवशीच परत केली होती त्यांनी. त्यांना ही गोष्ट मी कधी सांगितली नाही. सांगितली असती तर त्यांनी एकच प्रश्न विचारला असता, आणि तो मी रोज स्वतःला विचारते. त्या रकान्यात मी माझा नंबर का नाही टाकला? दहा आकडे तर हवे होते. सुचलं नाही असं म्हणता आलं असतं, पण सुचलं होतं. ती खिडकीत वाकली होती, तेव्हाच सुचलं होतं. मला वाटलं, उगाच कशाला, आपल्याला नसते मेसेज येत राहतील.