धाकट्या जावेचं पेटंट

धाकट्या जावेला काहीतरी नवीन सुचलंय, हे ऐकूनच माझ्या पोटात दुखलं. पेटंटचं काम मी करते. देवासच्या घरात बसून इतकी वर्षं लोकांचे शोध वाचते, पारखते, त्यांचे अर्ज लिहिते. ती धारच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. सासरी तिचं कौतुक आधीच उतू जात होतं: पुरणपोळी तिची मऊ, आरत्या तिला सगळ्या पाठ. आता शोधही तिनेच लावला.

शोध कसला, तर मैदान आखायच्या खुणेचा. आमच्या माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि ठोकलेल्या लाकडी खुंट्या वर ढकलते. मग खो-खो खेळणारी पोरं त्यांना ठेचकाळतात. तिने खुंटीऐवजी प्लास्टिकची नळी पुरली. नळीच्या तोंडाशी नायलॉनच्या केसांचा झुबका, पाय पडला की वाकणारा. बुडाशी मातीत रुतून बसणारे पंख, म्हणजे नळी वर येत नाही.

"वहिनी, सच्ची सांगा, होईल ना पेटंट?" ती फोनवर म्हणाली. "अजून बाहेर कुणाला दाखवलं नाही, घरच्या अंगणातच पुरून बघितलंय. तुम्ही नाही म्हणालात तर छोड देते."

सगळं माझ्या एका शब्दावर होतं. मला बरं वाटलं.

कायदा विचारतो ते एवढंच: त्या विषयातल्या जाणकाराला हे सहज सुचलं असतं का? मी जुने शोध उपसायला बसले, पैसे देणाऱ्यांसाठीसुद्धा बसत नाही इतकी मन लावून. रस्त्याच्या मोजणीची एक खूण निघाली, झुबका अगदी तस्साच. कुंपणाच्या खांबाचा एक शोध निघाला, त्याला बुडाशी पंख. दोन्ही मी पूर्वी कामात वाचलेले होते. दोन्ही जोडले की झाला जावेचा शोध. मी आलं घालून चहा केला आणि 'यात नवल ते काय' अशा अर्थाचं लिहायला घेतलं.

दोन ओळींत अडले. उत्तर माहीत झाल्यावर कुठलंही कोडं सोपंच वाटतं, तेव्हा शोध बघितलाच नाही असं समजून विचार करा, हे नवख्यांना मीच बजावते. शिवाय कायद्यातला तो जाणकार मोठा नमुना आहे. छापलेलं सगळं त्याने वाचलेलं असतं, हातात कामही त्याच विषयाचं असतं, पण स्वतःहून नवं काही सुचत नाही.

आमच्या कॉलनीतलं बॅडमिंटनचं मैदान मी आखते. पावसाळा संपला की वर आलेल्या खुंट्या हातोडी घेऊन मीच पुन्हा ठोकते, दर वर्षी, मातीच्या नाहीतर माळ्याच्या नावाने बोटं मोडत. झुबका मी वाचला होता, पंखही वाचले होते. मी हातोडीच शोधत राहिले. लिहिलेलं खोडलं, आणि ते खोडताना जावेचा जितका राग आला तितका तिच्या पुरणपोळीनेही कधी आला नव्हता.

तेवढ्यात तिचाच फोन. "काय ठरलं, वहिनी? हे तर म्हणतात, वहिनीला विचारते काय, तिला तर हे चुटकीत सुचलं असतं."

"नसतं सुचलं," मी म्हणाले. "अर्ज कर."

तिला तो माझा विनय वाटला.