हरलेल्या सामन्यासाठी अकोला ते अमरावती

मी हरले होते. अमरावतीच्या क्लबाने मात्र आपल्या कुमार आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धेच्या इतिहासाच्या पुस्तिकेत छापलं, 'मुलींची अंतिम फेरी : अकोल्याची खेळाडू गैरहजर.' गैरहजर, आणि मी? पुस्तिका पर्समध्ये कोंबली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याचं बसस्थानक गाठलं.

पंच्याहत्तरीनंतर एसटीला तिकीट लागत नाही, आधारकार्ड तेवढं हाताशी ठेवा. अडीच तास धरून चाला. मूर्तिजापूरचा आलूबोंडा समोर तळला जात असेल तरच घ्या. साठच्या दशकात याच रस्त्याने मी बाबांबरोबर गेले होते, लाकडी चौकटीत आवळलेली रॅकेट मांडीवर घेऊन.

माझा पांढरा स्कर्ट उपान्त्य फेरीतच फाटला, म्हणून अंतिम फेरीला कॉन्व्हेंटचा निळा घातला. नियम पांढऱ्याचा. कमिटीने रजिस्टरमध्ये मला गैरहजर लिहून सिलोनच्या मालिनीला विजयी ठरवलं आणि मंडळी नाश्त्याला गेली. मालिनी नेटपाशीच उभी. "न खेळता मिळालेली ट्रॉफी घरी काय तोंडाने नेऊ?" तिने इंग्रजीत विचारलं. मग आम्ही खेळलो. वऱ्हाडच्या कोरड्या हवेत शटलची पिसं तडकतात, म्हणून कँटीनवाले बाबाराव ती चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून द्यायचे. त्या दिवशी गुणही त्यांनीच मोजले.

आता क्लबाचा सचिव माझ्या नातवाच्या वयाचा. "आजी, रजिस्टरमध्ये आहे तेच छापलं. पुरावा काय?"

पुरावा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला होता. नव्वदीला टेकलेले बाबाराव अजून रोज तिथे येतात. त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं.

"निळ्या झग्याची पोरगी नं तू? आता काहून आली?"

"मी खेळले होते, हे यांना सांगा."

"खेळली ना. तीन गेम. पन हरली वं तू. शेवटचं शटल नेटात घातलं." मग सचिवाकडे वळून म्हणाले, "मी गुण मोजत बसलो अन् इकडे किटली जळून गेली. कमिटीच्या शिव्या खाल्ल्या मी, मले याद नाई राहीन?"

"पुढच्या आवृत्तीत बघू," सचिव म्हणाला.

"तोवर मी थांबणार नाही. पेन काढा," मी म्हणाले.

क्लबाच्या प्रतीत त्याने लिहिलं, 'सामना झाला. अकोल्याची खेळाडू तिसऱ्या गेममध्ये ९-११ हरली.' खाली बाबारावांनी सही केली.

संध्याकाळी घरी येऊन माझ्या प्रतीतही तीच ओळ लिहिली. मालिनी कुठे आहे, आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण ती ट्रॉफी तिने खेळून जिंकली, हे आता अमरावतीत शाईने लिहिलेलं आहे.