आठ जोडपी

आज सकाळी स्वयंपाकघरातून खोबरेलात हळद कोमट केल्याचा वास आला. बायकोनं भाजी चिरताना बोट कापून घेतलं होतं, एवढंच. पण वास नाकात शिरला आणि मी हातातला चहा तसाच ठेवून अंगणात गेलो, कोपऱ्यातल्या पिंजऱ्यापाशी. त्यावर आता दोडक्याचा वेल चढला आहे. जाळीच्या घराघरातून त्यानं आपले कोवळे तंतू असे गुंफलेत की पाहणाऱ्याला वाटावं, हा मांडव मुळात त्याच्यासाठीच उभारला होता. याच जाळीत सोळा जीव एकमेकांच्या जिवावर उठले होते आणि गावच्या तंटामुक्ती समितीचा दोन वेळचा सदस्य असलेला मी समोर पाट टाकून कपाळाला हात लावून बसत असे, हे आज मलाच खरं वाटत नाही.

वडील गेले त्या वर्षीची गोष्ट. धान कापून झालं की संध्याकाळी शेताच्या रिकाम्या बांध्यांतून लावे पक्षी बोलायचे, आणि वडील बांधाच्या धुऱ्यावर थांबून ऐकायचे. ते गेल्यावर माय घरात होती, पण असून नसल्यासारखी. ताट समोर यायचं, ती भाताला बोट लावायची आणि ताट सरकवून द्यायची. मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. आजार काही नाही म्हणाले. आजार नसण्याचीच तर भीती होती. औषध तरी कशावर द्यायचं? दिवसेंदिवस तिच्या हातातल्या चांदीच्या बांगड्या कोपराकडे चढत गेल्या, आणि मी आपला दुकानात खिळे-बिजागऱ्या विकत, मोबाइलवर नाही नाही ते पाहत बसायचो. त्यातच एक दिवस बटेरपालन दिसलं. रानातला लावा धरणं गुन्हा, आणि मी जन्माचा भित्रा. पण ही पाळायची जात, लाव्याची चुलत भावंडं. वडील ऐकायचे तसा आवाज मायच्या कानावर पडला तर? एवढ्याशा आशेवर मी मोटारसायकलला किक मारली.

निघताना मायनं कितीतरी दिवसांनी स्वतःहून तोंड उघडलं. आणशील तर जोडीनं आण, म्हणाली. आमच्या घरात बैलसुद्धा कधी एकटा आला नाही. वडील बाजारात दिवस घालवतील, पण आणतील तर जोडी. तिरोड्याकडच्या पालनवाल्यानं मला छातीचे रंग दाखवले. तांबूस ते नर, ठिपकेदार त्या माद्या. चार माद्यांत एक नर पुष्कळ झाला, असं त्यानं हिंदी-मराठीत दोनदा बजावलं. मी शहाण्यासारखा हसलो आणि आठ नर, आठ माद्या मोजून घेतल्या. माणसाच्या संसाराचा हिशेब पाखरांना लावणारा गाढव त्यानं बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा.

सुरुवातीचे दिवस मात्र सोन्याचे होते. माय सकाळीच पिंजऱ्याजवळ बसायची, कणी चाळून टाकायची, कोणाचं कोण ते ठरवून द्यायची. ठिपक्यांचं पहिलं अंडं निघालं तेव्हा ते तळहातावर घेऊन ती कितीतरी वेळ पाहत राहिली, आणि त्या दुपारी तिथंच बसून तिनं वाटीभर वरणभात खाल्ला. बायको आत जाऊन रडली. मी रडलो नाही, माझ्या फक्त डोळ्यांत कणीचा कोंडा गेला.

मग नर वयात आले. मूठभर देहात एवढा राग कुठं मावत असेल? ते एकमेकांचे डोळे टोचत, आणि एकीच्या मानेची पिसं धरून तिघं तिघं तिच्यावर चढत. माद्यांची डोकी सोलून निघाली. उजेडानं ते चेकाळू नयेत म्हणून मी पिंजऱ्यावरच्या दिव्याला लाल कापड बांधलं, वाळूची परात ठेवली, लपायला धानाच्या तणसाचे बुचके दिले, नुसत्या कणीत ताकद नसते असं कळल्यावर कोंबड्यांचं खाद्य आणलं. समितीत आम्ही धुऱ्याची भांडणं चहावर मिटवली होती. इथं चहा पाजायचा कोणाला? एक मादी मेली. त्या दिवशी मायनं पुन्हा ताट सरकवलं.

उपाय एकच होता, नर काढणं. एका संध्याकाळी मी एक नर ठेवून बाकीचे सात वेगळ्या खोक्यात घातले. सकाळी पाहतो तर सगळे परत पिंजऱ्यात. मायनं एकेक उचलून ज्याच्या त्याच्या जोडीला नेऊन ठेवला होता. “कायले तोडून राहिला जोडी?” एवढंच ती म्हणाली. जोड्या ठेवल्या तर पाखरं मरणार, पाखरं मेली तर माय जेवणार नाही. जोड्या तोडल्या तर तिचं काय तुटेल, हे विचारायची माझी छाती नव्हती. मी रोज दुकान उशिरा उघडायचो, आणि रोज त्याच पाटावर बसायचो.

चार दिवसांनी एका मादीचा डोळा गेला. मायनं तिला पदरात घेतलं, हळदीचं तेल कोमट करून बोटानं त्या सोललेल्या डोक्यावर लावत राहिली. पाखरू आधी थरथरत होतं, मग निवांत झालं. वर न पाहता माय म्हणाली, “काढ त्यायले.”

मी म्हटलं, “सगळे?”

“सगळेच काढ, बापू. एकटीनं राहता येते. मी नाही राहून राहिली?”

मी नर पालनवाल्याकडे परत दिले. पुढं त्यांचं काय होणार हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणून कोणी विचारलं नाही. त्या दुपारी माय जेवली. फार नाही, पण ताट तिनं स्वतः वाढून घेतलं, आणि पदरातल्या पाखरापुढंही चार शितं ठेवली.

बाकीच्या माद्या वर्षभरात एकेक करून गेल्या. डोळा गेलेली ही एकच उरली आहे. आज वेलाच्या सावलीत, वाळूत अंग घुसळत, आपला शाबूत डोळा माझ्यावर रोखून बसली होती. तिच्या डोक्यावर पिसं पुन्हा आली, पण मधोमध भांगासारखी एक रेघ कोरीच राहिली. मी चहा घ्यायला वळलो तर माय कणीची वाटी घेऊन पायरी उतरत होती, हळूहळू, भिंतीला हात धरून. मी पिंजऱ्यासमोरचा पाट थोडा तिच्याकडे सरकवून दिला.