थोरला पाइप आधी

जगातली प्रत्येक गोष्ट थोरली-धाकटी बघून रांगेत लावली पाहिजे आणि त्या रांगेत पहिला नंबर आपलाच असला पाहिजे, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझाच साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणायची म्हणून मीही दाजी म्हणायचो. अंबडच्या तहसील कचेरीतून ते कारकून म्हणून निवृत्त झाले, तेव्हा आवक-जावकची रजिस्टरं सुटली, पण नंबर टाकायची सवय काही सुटली नाही. आमच्या घरी आले की दारातल्या चपला आधी मापाप्रमाणे लावायचे, मग आत यायचे. चहाचा कप चुकून माझ्या हातात आधी पडला, तर त्यांचा कप तसाच गार व्हायचा. एसटीत मागचं बाक मिळालं म्हणून त्यांनी जालन्याची गाडी सोडून दिली आणि दोन तास स्टँडवर बसून राहिले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कारण त्यांच्यामुळे मलाही बसावं लागलं होतं.

चौदा एप्रिलला जयंतीच्या सभेत दाजी समतेवर अर्धा तास बोलत. घाम पुसत खाली उतरत आणि तडक जाऊन पंगतीत पहिल्या पाटावर बसत. एका वर्षी तिथे मी बसलेला दिसलो, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तर, सरका जरा. तुम्ही धाकले हाव." त्या दिवशी परत येताना मी रस्त्यातच त्यांना धारेवर धरलं. एवढ्या समतेच्या गोष्टी सांगता आणि पाटासाठी भांडता, हे शोभतं का, असं विचारलं. दाजी म्हणाले, "मी ल्हान असताना गावात लग्न असलं की सगळी पंगत उठल्यावर आम्हाला हाक मारायचे. ती पण लांबून. उकिरड्याजवळ बसून खाल्लंय मी. तव्हाच ठरवलं, नोकरीला लागलो की पहिल्या पाटावर बसायचं. मंग कुनी का काही म्हणंना." यानंतर त्यांच्यावर रागावणं बरोबर नव्हतं. तरी मी रागावत राहिलो, कारण दाजी तशी संधी वरचेवर द्यायचे.

त्यातली सर्वांत मोठी संधी म्हणजे आमच्या अंगणातला पाइप. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या नहाणीचं पाणी अंगणातून वाहत जाऊन शेजारच्या चाचांच्या भिंतीशी साचायचं. चाचा कापूस पिंजून गाद्या-रजया भरून द्यायचे. त्यांची ती मागची भिंत मातीची, आणि आतून तिलाच टेकून थंडीच्या कामाचा कापूस ठेवलेला असायचा. कापसाला ओल लागली की त्याला कुबट वास येतो, मग त्याची रजई कोणी घेत नाही. एवढं असूनही चाचा कधी भांडायला आले नाहीत. एकदाच कुंपणाशी उभे राहून म्हणाले, "मास्तर, जल्दी काही न्हाई. पर दसऱ्याच्या आत जमलं तर बघा. मंग माझा माल येतो." असं सौजन्यानं सांगितलेलं जास्त लागतं. मी दुसऱ्याच दिवशी गवंड्याला बोलावून सरळ फरशीची नाली करून घेणार होतो. पण बातमी दाजींना लागली आणि ते हजर झाले. "गवंडी कशाला? आता प्लास्टिकचे पाइप निघालेत. मी हाय ना."

ते पाइप आमच्या भागात तेव्हा नवेच होते. दाजींनी कमीत कमी खर्चात सात तुकडे जमवले. दोन जालन्याच्या दुकानातले, दोन एका बागाईतदाराच्या विहिरीवर उरलेले, आणि तीन शहागडला हायवेवर एका ट्रकवाल्याकडून घेतलेले. सात तुकड्यांत एकाचं तोंड दुसऱ्याला बसेना. वळणाचा एल्बो एका मापाचा, तीन तोंडांची टी दुसऱ्या मापाची. एकावर इंचाचा आकडा, दुसऱ्यावर मिलिमीटरचा. दाजी खिशात गाठी मारलेली सुतळी घेऊन हिंडत आणि दिसेल त्या पाइपाला गुंडाळून बघत. "कुनी आतून मोजतो, कुनी बाहेरून मोजतो. तीन इंची म्हनतात आन् तीन इंच कुठंच भरत न्हाई. ही काय पद्धत झाली?" असं ते रोज संतापून विचारायचे, आणि ते मलाच विचारायचे, जणू पाइपांचा कारखाना माझ्या शाळेत होता. एका कंपनीला त्यांनी 'विषय: पाइपाचे माप बराबर नसलेबाबत' असा दोन पानी अर्जही टाकला. उत्तर आलं नाही, तेव्हा त्याच अर्जाचं स्मरणपत्र टाकलं.

दोन पाइप अगदी एकसारखे निघाले, तेव्हा त्यांनी एकाचं तोंड आमच्या चुलीवर तापवलं आणि ते रुंद करायला माझ्या बायकोचं मुसळ आत घातलं. पाइप मऊ झाला, मुसळ छान आत गेलं, आणि पाइप गार झाल्यावर आतच राहिलं. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी ओढलं. शेवटी तोंडाला करवत लावून मुसळ सोडवलं आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा तोच उद्योग केला, यावेळी मुसळाला तेल लावून. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पाइप दाजींनी बिघडवला, अबोला मला. दाजी तेव्हाही पहिल्या पाटावर बसून जेवत होते.

मग नंबर टाकणं आलं. सातही पाइपांवर दाजींनी काळ्या ऑइलपेंटने आकडे काढले आणि चाचांच्या भिंतीकडेने चर खणून त्यात ते मांडले. सगळ्यांत रुंद तो एक नंबर, तो नहाणीपाशी. त्याच्यात जरा बारीक तो दोन नंबर, त्याच्यात तीन, असं करत शेवटी बोटभर फरकाने सगळ्यांत बारका सात नंबर बाहेरच्या नाल्यात. फटींमध्ये काथ्या आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कोंबल्या. "थोरला आधी, धाकला मागून. कसं शोभतं बघा," ते म्हणाले. बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "दाजी, रॉकेल ओतताना नरसाळ्याचं बारीक तोंड बाटलीत घालतेत, का बाटलीचं तोंड नरसाळ्यात?" दाजी हसले. मीही हसलो. मी शाळेत विज्ञान शिकवत होतो, हे इथे कबूल केलेलं बरं. बादलीभर पाणी ओतलं, नाल्याकडून बारीक धार आली, आणि आम्ही वर माती लोटून मोकळे झालो.

दसऱ्याला आठ दिवस उरले असताना चाचांकडे काही कामासाठी गेलो. यंदा लवकर आलेला कापूस त्यांच्या बाजेवर रचलेला होता आणि त्यांचं स्वतःचं अंथरूण जमिनीवर होतं. मी भिंतीला हात लावला. हात ओला झाला. पाणी पूर्वी भिंतीशी साचायचं. आता प्रत्येक सांध्यातून गळून सरळ भिंतीच्या पायात मुरत होतं. चाचा म्हणाले, "थोडी गार लागून राह्यली, बस." मी तसाच तडक घरी आलो. दाजी ओसरीवर बसलेलेच होते. मी म्हणालो, "दाजी, पाणी उतार बघतं, मानपान बघत नाही. तुमच्या नंबरांपायी त्या माणसाची थंडीची कमाई कुजतेय. तुम्ही तुमचा पहिला पाट घेऊन तुमच्या घरी बसा." हे मी थोरल्या साडूला बोललो. दाजींनी सुतळीची गुंडाळी केली, खिशात घातली आणि चपला घालून निघून गेले.

चार दिवस ते आले नाहीत. बायको म्हणाली, जाऊन माफी मागा. मी म्हणालो, मुळीच मागणार नाही. पाचव्या दिवशी सकाळी अंगणात कुदळीचा आवाज आला म्हणून बाहेर आलो, तर दाजी धोतर वर खोचून चिखलात गुडघ्यावर बसलेले. आधी चाचांकडे जाऊन आले होते. चाचांनी त्यांना घरातली एकुलती एक खुर्ची दिली होती आणि स्वतः ओल्या जमिनीवर बसले होते. दाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यांचं वय माझ्यापेक्षा जास्त हाय, मास्तर. आन् मी खुर्चीवर बसलो." एवढंच बोलून पुन्हा खणायला लागले. मी कुदळ मागितली, ती त्यांनी दिली नाही. सातही पाइप त्यांनी वर काढले, धुतले, आणि उलट्या क्रमाने बसवले: बारका नहाणीशी, त्याचं तोंड पुढच्या रुंद पाइपात, आणि सगळ्यांत थोरला शेवटी, बाहेर नाल्यात. संध्याकाळपर्यंत एकाही सांध्याला थेंब नव्हता.

कापूस वाचला. दसरा झाल्यावरच्या रविवारी बायकोने चाचांना आमच्याकडे जेवायला बोलावलं. त्याच अंगणात, कोरड्या जमिनीवर पंगत मांडली. पहिल्या पाटाशी सगळेच जरा थबकले. दाजींनी चाचांचा हात धरून त्यांना तिथे बसवलं. मग पोरं, मग मी. ते स्वतः भाकरी वाढत फिरले आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर बायकांबरोबर बसले. जेवताना एकदाच त्यांनी विचारलं, "गळतंय का कुठं?" मी नाही म्हणालो.

दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुढे अंगणाला कोबा केला तेव्हा ते पाइप काढावे लागले. सगळे भंगारात दिले, एक ठेवला. शेवटचा, रुंद तोंडाचा, नाल्याकडचा. त्यावर ऑइलपेंटने काढलेला 'एक' अजून दिसतो. त्या एकावर काट मारलेली आहे, आणि खाली दाजींच्या कचेरीतल्या वळणदार अक्षरात 'सात' लिहिलेला आहे. जमिनीखाली पुरायच्या पाइपावर, जिथे कोणी पुन्हा बघणार नव्हतं, तिथे तो आकडा बदलायची काहीच गरज नव्हती. आणि त्यांची माफी मागायची माझ्याकडून राहूनच गेली.