मॅलकीचा निळा सूट

मॅलकी लॅव्हिनला तपकिरी झग्यात पुरलं, याचा राग माझ्या डोक्यातून अजून जात नाही. आमच्याकडे मेलेल्याला झगाच घालतात, उद्या मलाही तोच घालतील, सगळं मान्य. पण ज्या माणसाने सव्वीस वर्षं बॅलिकारनच्या पुरुषांना कपडे घालायला शिकवलं, त्याला शेवटी ते गोणपाट? जळलं मेलं!

आम्ही दोघं एकाच कापडदुकानात. तो पुढे काउंटरवर, मी मागे शिलाईच्या मशीनवर. आमच्या गावचे पुरुष स्वभावाने देवमाणसं, पण कपड्यांच्या नावाने शंख. बापाचा कोट थोरल्याने घालायचा, तो विटला की धाकट्याने. चाळिशी उलटलेला शेतकरी दुकानात शिरायचा तोच मुळी चोरी करायला आल्यासारखा. मॅलकी त्याला आधी आरशाकडे फिरकू द्यायचा नाही. हवापाण्याचं, गुरांचं विचारता विचारता कोट हलकेच त्याच्या अंगावर चढवायचा.

"खांदा बसला ना, की बाकीचं डेलिया बघते," असं माझ्याकडे बोट करून सांगायचा. "तुझा चेहरा तांबूस, तुला तपकिरी नको, निळा घे. शेवटचं बटण मोकळं सोड, जेवायचंय की नाही पोटभर? आणि घरी गेलास की ब्रश मार. खुंटीला टांगलास तर बघ, परत येऊ नकोस माझ्याकडे."

मग म्हणायचा, "आता एकदा हळूच वळ बघू." तो बिचारा लाजत लाजत गोल वळायचा, आणि वळून होईपर्यंत त्याची पाठ ताठ झालेली असायची. तेव्हा कुठे त्याला आरसा बघायला मिळायचा. कुणाच्या सुटलेल्या पोटाला, कुणाच्या वाकड्या खांद्याला मॅलकी कधी हसला नाही. चुकला तो एकदाच, आणि तोही सख्ख्या भावाच्या बाबतीत.

धाकटा भाऊ बार्टली घरची शेती बघायचा. अंगाने दारासारखा रुंद, आणि मॅलकी काडीसारखा. म्हाताऱ्या बापाचं नऊ वर्षं हगणंमुतणं काढलं ते बार्टलीने. बापाच्या मातीच्या दिवशी पहाटेच गाय व्यायला बसली, तिला सोडवून हा तसाच धावत आला. अंगात गोठ्यातला कोट, कमरेला सुतळी. मॅलकी चर्चच्या दारात उभा होता. दुःखात होता म्हणा, काहीही म्हणा, पण चारचौघांत बोलून गेला, "काय रे, दूध काढायच्या कोटात बापाला पोचवायला आलास?"

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. बार्टलीने बापाला खांदा दिला आणि घरी निघून गेला. त्या दिवसापासून दोघा भावांत अबोला, तो अकरा वर्षं.

महिनाभराने मॅलकीने माझ्यापुढे राखाडी कापड टाकलं. म्हणाला, "एका गिऱ्हाइकाचा सूट आहे."

"माप कुठाय?"

"डोळ्यात आहे. लिहून घे."

मी काय दुधखुळी आहे? मॅलकी चर्चमध्ये वरच्या गॅलरीत गाणाऱ्यांबरोबर उभा राहायचा आणि बार्टलीचं बाक बरोबर खाली. सूट तयार झाला, कागदात गुंडाळून कपाटात गेला आणि तिथेच राहिला. दर वर्षी ईस्टर झाला की मॅलकी तो बाहेर काढायचा. "कमरेत अर्धा इंच सोड." "उजवा खांदा उतरलाय गं त्याचा, बादल्या जड व्हायला लागल्या वाटतं." मी उसवायचे, परत शिवायचे. त्याच्या डोळ्यांकडे मात्र बघायचे नाही.

गेल्या शरदात मॅलकीला खोकला लागला. एक दिवस माझ्या मशीनपाशी येऊन उभा राहिला. "डेलिया, तो सूट तू नेऊन देशील? तुझ्या हातून घेईल तो."

आणि मी काय म्हणावं? "का, तुझे पाय मोडलेत? अकरा वर्षं मी उसवते नि शिवते, आता हमालीही मीच करू? स्वतः जा आणि माफी माग."

तो हसला. "बरोबर आहे तुझं," म्हणाला. जानेवारीत निमोनिया झाला आणि चार दिवसांत मॅलकी गेला. माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच. सायकलने अर्ध्या तासाचा रस्ता होता, गेले असते तर काय झिजले असते का?

पुरल्यानंतरच्या गुरुवारी बार्टली दुकानात आला. तोच कोट, तीच सुतळी. टोपी हातात धरून म्हणाला, "त्याचा निळा सूट तुझ्याकडे आहे म्हणे."

"आहे. इस्त्रीला आणला होता. कशाला हवाय?"

"कशाला म्हणजे? तीन रविवार घालायला. माझ्याशिवाय आहे कोण त्याला?"

गेलेल्याचे चांगले कपडे घरच्या माणसाने अंगात घालून ओळीने तीन रविवार चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेला जायचं, मग ते त्याला तिकडे मिळतात. नाही गेलं, तर तो कायमचा झग्यात. फादर या गोष्टीला हसतात, पण चुकवत कुणी नाही. माझ्या आईचा काळा ड्रेस मी घातला होता, तो मला बसत होता. इथे बार्टलीचा हातच निळ्या बाहीत अडकला. ओढूनताणून चढवला तर मनगट वीतभर उघडं आणि पाठ नुसती ताणलेली. माझ्याच्याने बघवेना. मी कपाटातून राखाडी सूट काढला.

"हा घाल," मी म्हटलं.

कोट बसला. खांद्यावर असा बसला की बार्टली जागच्या जागी थांबला. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "हळूच वळ बघू. तो सगळ्यांना असंच सांगायचा." तो वळला.

"माझं माप कुणी घेतलं?"

"त्याने. वरून, गॅलरीतून. दर रविवारी. अकरा वर्षं." मग मी सगळं ओकले. मॅलकीने मला काय विचारलं, मी काय तोंड टाकलं, सगळं.

बार्टली स्टुलावर बसला. "त्याची नजर जाणवायची मला पाठीवर," तो म्हणाला. "मला वाटायचं, अजून माझा कोटच बघतोय. म्हणून मी मुद्दाम तोच घालून यायचो."

मला रडू फुटलं. त्याने मात्र राखाडी कोट उतरवून नीट हँगरला लावला. "हा ठेव. आधी त्याचं."

"अरे, निळा अंगात जात नाही तुझ्या! उद्यापर्यंत थांब, शिवणीत आहे तेवढं कापड सोडवून देते."

"एका टाक्याला हात लावायचा नाही!" एवढा मोठा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "तू सोडवलंस तर तिकडे त्याला ढगळ होईल. ढगळ कोटात तो दाराबाहेर पाऊल टाकायचा नाही."

पहिल्या रविवारी बार्टली चर्चमध्ये शिरला आणि बायकांनी तोंडाला रुमाल लावले. बाहेर भिंतीला टेकलेल्या पोरांतला एक ओरडला, "काय बार्टलीकाका, धुतल्यावर आटला काय?" बार्टली थांबला नाही. मी थांबले, आणि त्या पोराची अशी हजेरी घेतली की दुसऱ्या रविवारी गावात हसायची कुणाची छाती झाली नाही.

तिसऱ्या रविवारी गुडघे टेकताना पाठीची शिवण टर्रकन फाटली. सगळ्यांनी ऐकलं. बार्टली तसाच शेवटपर्यंत बसला, आणि मिसा संपल्यावर माझ्यापुढे पाठ करून उभा राहिला. "आता शिव. होता तसाच." चर्चच्या भिंतीआड, त्याच्या अंगावरच, मी एकेक टाका जुन्या भोकातून घातला.

चौथ्या रविवारी त्याने राखाडी सूट घातला. दाढी करताना हनुवटी कापलेली, बुटांना पॉलिश. आपल्या बाकापाशी आला, पण बसला नाही. मान वर करून त्याने गॅलरीकडे पाहिलं. मॅलकीची जागा अजून कुणी घेतली नव्हती. बार्टलीने शेवटचं बटण मोकळं केलं, हात खाली सोडले, आणि सगळ्या गावादेखत एकदा हळूच गोल वळला.

उजवा खांदा बरोबर बसला होता.